गळलेल्या शिंगांचा शोध : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सांबर आणि चितळ यांच्याप्रमाणेच उत्तर अमेरिकेतील व्हाइटटेल, म्यूल डिअर, एल्क आणि मूस हे प्राणीही मृगकुळातले आहेत. या कुळातील नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा किंवा नीलगाय यांचे तसे नाही. त्यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा आणि वर नखासारखे कठीण आवरण असते, आणि ते शिंग जन्मभर टिकते. मृगकुळातल्या प्राण्याचे शिंग मात्र आरपार हाडाचे असते. वसंतात ते कवटीवरच्या दोन खुंटांतून फुटते, उन्हाळाभर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मखमली कातडीखाली वाढते, शरद ऋतूच्या तोंडावर ती कातडी झाडांवर घासून काढली जाते आणि माजाचा काळ सरला की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शिंग गळून जमिनीवर पडते. कॅरिबू (म्हणजे रेनडिअर) वगळता हा सगळा प्रकार नरांपुरताच असतो. कॅरिबूच्या माद्यांनाही शिंगे येतात.

अमेरिका आणि कॅनडा येथे अशी गळलेली शिंगे शोधत रानात हिंडण्याचा छंद मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो. त्यासाठी बंदूक लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही आणि कोणाचा जीवही घ्यावा लागत नाही. तरीही पुष्कळ नवखे लोक दिवसभर चालून रिकाम्या हाताने परततात, कारण ते शिंग शोधत असतात. शोधायचा असतो तो नराचा हिवाळा : तो कुठे खात होता, कुठे बसत होता आणि या दोन जागांमध्ये कोणत्या वाटेने ये-जा करत होता. एवढे उलगडले की शोधायचे क्षेत्र इतके आटोपशीर होते की ते अगदी बारकाईने चाळता येते. पुढील सर्व सूचना याच पायावर उभ्या आहेत.

आधी कायदा, मग जंगल

मराठी वाचकांना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. हा छंद भारतात करण्याजोगा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांचे अवशेष आणि त्यांपासून बनलेल्या वस्तू यांवर कडक निर्बंध आहेत, आणि जंगलात पडलेले सांबराचे किंवा चितळाचे शिंग उचलून घरी आणणे हा गुन्हा ठरू शकतो. ते आपोआप गळलेले होते, या सबबीने सुटका होत नाही. भारतातल्या जंगलात असे शिंग दिसले तर ते पाहावे, हवे असल्यास छायाचित्र घ्यावे आणि जागच्या जागी राहू द्यावे. तसेच परदेशात कायदेशीरपणे मिळालेले शिंग भारतात येताना सामानात टाकण्यापूर्वी दोन्ही देशांच्या परवानग्यांची नीट चौकशी करावी. हौसेने आणलेली वस्तू विमानतळावर फार महागात पडू शकते.

अमेरिकेतही नियम सर्वत्र सारखे नाहीत. राष्ट्रीय उद्यानांमधून शिंग उचलण्यास मनाई आहे, मग ते कितीही जुने आणि झिजलेले असो. अनेक राज्यांत इतर सार्वजनिक जमिनींवर ते उचलता येते, पण पश्चिमेकडील काही राज्यांनी त्यासाठी हंगाम ठरवून दिले आहेत. कोलोरॅडोमध्ये आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात शिंगे गोळा करता येत नाहीत. वायोमिंगच्या पश्चिम भागातील ठरावीक सार्वजनिक जमिनी याच मुदतीत बंद असतात. १ मे रोजी त्या राज्यातील रहिवाशांसाठी खुल्या होतात आणि बाहेरच्यांना आणखी एक आठवडा थांबावे लागते. यूटामध्ये वर्षाच्या ठरावीक काळात शिंगे गोळा करण्यासाठी एक विनामूल्य ऑनलाइन पाठ पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते. हे नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षी निघण्यापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव विभागाची अधिकृत माहिती वाचावी. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून राहू नये.

खासगी जमिनीवर मालकाची परवानगी अपरिहार्य असते. ती मागताना शेतकऱ्याला एक गोष्ट जरूर सांगावी : शेतात पडलेल्या शिंगाचे टोकदार फाटे ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतात आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या माथी बसतो. पेरणीपूर्वी कोणी शेत पायी पालथे घालून शिंगे काढून नेणार असेल, तर बहुतेक शेतकरी ते आनंदाने करू देतात. शिकारीची परवानगी नाकारणारा मालकही या कामाला पुष्कळदा होकार देतो. परवानगी मिळाल्यावर फाटके उघडी ठेवू नयेत, चिखलात गाडी घालू नये आणि मिळालेले शिंग मालकाला दाखवावे. त्याला ते ठेवून घ्यावेसे वाटले तर आनंदाने द्यावे.

शिंग कधी गळते आणि आपण कधी निघावे

शिंग गळण्यामागचे खरे कारण थंडी हे नसून दिवसाची लांबी आहे. दिवस लहान होत गेले आणि माजाचा काळ ओसरला की नराच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन झपाट्याने खाली येते. मग खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातील हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. ज्या शिंगाने काही आठवड्यांपूर्वी प्रतिस्पर्ध्याचा सगळा भार पेलला होता, ते शेवटी कुंपणावरून मारलेल्या उडीच्या हिसक्याने किंवा नुसत्या मान झटकण्यानेही निखळते. जखमी, आजारी किंवा उपाशी नराची शिंगे लवकर गळू शकतात.

प्रत्येक जातीचे वेळापत्रक वेगळे असते. पूर्ण वाढलेल्या मूस नरांची शिंगे बहुधा डिसेंबर-जानेवारीत पडतात. व्हाइटटेलची डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत पडत राहतात. म्यूल डिअरची जानेवारी ते एप्रिल या दरम्यान, तर एल्कची प्रामुख्याने मार्च-एप्रिलमध्ये पडतात. एकाच रानातले दोन नर एकमेकांपेक्षा महिनाभर मागेपुढे असू शकतात, आणि एकाच नराची दोन शिंगे कधी तासाभरात तर कधी कित्येक दिवसांच्या अंतराने पडतात.

नवख्यांची सर्वांत मोठी गफलत घाईची असते. दुसरा कोणी आधी जाईल या भीतीने ते जानेवारीतच रानात शिरतात. त्या वेळी निम्म्या नरांच्या डोक्यावर शिंगे असतातच, शिवाय माणसाच्या वासाने आणि आवाजाने ते नर तो परिसर सोडून शेजारच्या जमिनीवर जातात आणि शिंगे तिकडेच पाडतात. याहून गंभीर बाब म्हणजे त्या प्राण्यांची अवस्था. माजाच्या काळात नर जवळजवळ खाणे सोडतो आणि वजनाचा मोठा वाटा गमावतो. माद्या गाभण असतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात हे सर्व प्राणी साठवलेल्या चरबीवर कसेबसे दिवस काढत असतात, आणि खोल बर्फातून मारलेली प्रत्येक धाव त्या शिलकीतून वजा होते. पश्चिमेकडील राज्यांनी घातलेली एप्रिलअखेरपर्यंतची बंदी याच कारणासाठी आहे. माझ्या मते जिथे अशी बंदी नाही, तिथेही निदान बर्फ वितळेपर्यंत ती स्वतःवर घालून घेण्यासारखी आहे. कळप उठून पळताना दिसला तर त्या दिवशी त्या भागातून माघारी फिरावे. शिंग पळून जात नाही.

योग्य वेळ ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुरून निरीक्षण करणे. संध्याकाळी रस्त्यावरून किंवा शेताच्या बांधावरून दुर्बिणीने चरणारे कळप पाहावेत. शिंगे गळलेला नर पहिल्या नजरेत मादीसारखाच दिसतो. पण त्याची मान आणि अंगकाठी थोराड असते, आणि कपाळावर कानांच्या किंचित पुढे दोन गोल, ताज्या जखमेसारखे डाग दिसतात. कळपातल्या बहुतेक नरांच्या कपाळावर असे डाग दिसू लागले, बर्फ वितळले आणि नवे गवत अजून वर आले नाही, की निघावे. उत्तरेकडील राज्यांत व्हाइटटेलसाठी हा काळ साधारणपणे मार्च ते एप्रिलचा मध्य असा येतो. गवत आणि झुडपे हिरवी झाल्यावर मात्र तेच रान दुपटीने कठीण होते.

घरी बसून करायचे काम

निम्मे शिंग नकाशावर सापडते. त्या भागाची उपग्रह-छायाचित्रे आणि समोच्च रेषांचा नकाशा समोर ठेवावा आणि तीन प्रकारच्या जागांवर खुणा कराव्यात.

पहिली जागा खाण्याची. हिवाळ्यात जिथे अजून काही खायला उरलेले असते ती शेते, म्हणजे मक्याचे किंवा सोयाबीनचे कापणी झालेले शेत, हिवाळी गव्हाचे कोवळे पीक, तसेच ओक वृक्षांखाली फळे पडलेला भाग. दुसरी जागा बसण्याची. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर हिवाळ्यात ऊन सर्वाधिक पडते, बर्फ तिथे लवकर विरघळते आणि हरणे दुपारी तिथे अंग शेकत बसतात. बर्फ फार खोल असेल तेव्हा ती दाट सूचिपर्णी झाडांच्या आडोशाला जातात, कारण तिथे वारा लागत नाही आणि बर्फही कमी साचते. तिसरी जागा या दोहोंना जोडणाऱ्या वाटांची. तिथे कुंपणे, ओढे, दोन टेकड्यांमधली खिंड, शेताचा कोपरा अशी ठिकाणे शोधावीत, जिथे प्राण्याला उडी मारावी लागते किंवा अरुंद जागेतून निघावे लागते.

एल्क आणि म्यूल डिअर यांच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. डोंगराळ भागात हे प्राणी उन्हाळ्यात उंचावर आणि हिवाळ्यात खाली असतात. शिंगे त्यांच्या हिवाळी क्षेत्रात किंवा परतीच्या वाटेवर पडतात. शरद ऋतूत ज्या उंच कुरणात मोठे नर पाहिले, तिथे वसंतात शिंग शोधायला जाणे व्यर्थ ठरते.

या हिवाळी क्षेत्रांचे महत्त्व किती, हे वायोमिंगमधील जॅक्सनजवळच्या राष्ट्रीय एल्क आश्रयक्षेत्रावरून कळते. १९१२ साली स्थापन झालेल्या या क्षेत्रात हजारो एल्क हिवाळा काढतात आणि साहजिकच शेकडो शिंगे तिथे पडतात. सामान्य माणसाला ती उचलण्याची परवानगी नाही. स्थानिक बालवीर पथके अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ती गोळा करतात आणि मे महिन्यात जॅक्सन गावाच्या चौकात त्यांचा लिलाव होतो. १९६८ पासून ही प्रथा चालू आहे. मिळालेल्या रकमेचा मोठा हिस्सा पुन्हा त्या आश्रयक्षेत्राच्या कामासाठी वापरला जातो.

डोळ्यांचा सराव

रानात पूर्ण शिंग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. पानगळीच्या थरात ते बहुतेक वेळा एका कुशीवर, अर्धे बुडालेले असते आणि वर येतो तो एखादा फाटा, तोही बोटभर उंचीचा. ओकची वाळलेली पाने फिकट तपकिरी, मोडक्या फांद्या करड्या आणि सालीने खरखरीत असतात. त्यांच्यामध्ये शिंगाचा फाटा वेगळा ठरतो तो त्याच्या गुळगुळीतपणामुळे आणि टोकाकडे उजळत जाणाऱ्या रंगामुळे, कारण झाडांवर आणि मातीत घासून ती टोके झिजून चकचकीत झालेली असतात. फांदीला वाकडेपणा असतो, पण शिंगाला सलग, डौलदार बाक असतो. असा बाक डोळ्यांत ठसला पाहिजे.

त्यासाठी एक सराव फार उपयोगी पडतो. कोणाकडून तरी एखादे शिंग उसने घ्यावे, दुसऱ्या माणसाला ते अंगणात किंवा रानाच्या कडेला पाचोळ्यात टाकायला सांगावे आणि आपण वीस, दहा, पाच पावलांवरून वेगवेगळ्या कोनांतून ते शोधावे. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, फाटे जमिनीत रुतलेले, फक्त बुंधा वर आलेला, अशा सर्व स्थितींत ते कसे दिसते हे पाहून घ्यावे. तासाभराच्या या सरावाने रानातले कित्येक तास वाचतात, आणि नवख्याने तो टाळू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रकाशाचाही विचार करावा. लख्ख उन्हात जमिनीवर फांद्यांच्या सावल्यांचे जाळे पसरते आणि त्यात शिंग हरवून जाते. ढगाळ दिवस उत्तम. हलका पाऊस होऊन गेल्यावर तर त्याहून चांगले, कारण ओली पाने काळसर पडतात आणि ओले शिंग चमकते.

प्रत्यक्ष चालणे

रानात पोचल्यावर सरळ आत घुसू नये. उघडे शेत असेल तर आधी बांधावर उभे राहून दुर्बिणीने ते पट्ट्यापट्ट्याने तपासावे. मक्याचे कापलेले शेत मात्र दुर्बिणीला दाद देत नाही. तिथले फिकट खुंट आणि शिंग यांचा रंग जवळजवळ सारखा असतो, म्हणून तिथे ओळीओळीने चालण्याला पर्याय नाही.

त्यानंतर शेतातून निघणारी जनावरांची मळलेली वाट पकडावी आणि तिच्यावरून बसण्याच्या जागेपर्यंत जावे. वाटेत लेंड्यांचे ढीग, कुरतडलेले अंकुर, बर्फात किंवा पाचोळ्यात दबून तयार झालेले लंबगोल खळगे दिसू लागतील. हे खळगे म्हणजे बसण्याच्या जागा. मोठा, एकटा खळगा बहुधा नराचा असतो. लहानमोठे खळगे एकत्र असतील तर तिथे माद्या आणि पिल्ले असण्याचा संभव अधिक. जिथे ताज्या-जुन्या लेंड्या खूप आणि खळगे अनेक, तिथे थांबून ती जागा चाळून काढावी : पाच ते दहा मीटर अंतरावर समांतर पट्टे आखून, एका पट्ट्याने जावे आणि शेजारच्याने परत यावे. झाडी दाट असेल तितके अंतर कमी करावे.

चालण्याचा वेग हा बहुतेकांचा कच्चा दुवा असतो. चालताना नजर पुढच्या दहा-पंधरा पावलांवरच ठेवावी, लांबवर नाही. काही पावले टाकून थांबावे, डावीउजवीकडे जमीन पाहावी आणि मग मागे वळून आपण आलो तो भागही पाहावा. पुढून येताना झुडपाने झाकलेले शिंग मागून उघडे दिसते, हे प्रत्यक्षात वारंवार घडते. अधूनमधून खाली बसावे. उभ्या माणसाला पाचोळ्याचा सपाट पृष्ठभाग दिसतो. बसलेल्याला त्या पृष्ठभागातून वर आलेले सगळे काही कडेने दिसते, आणि फाटा वर आलेला असेल तर तो लगेच नजरेत भरतो.

कुंपणे आणि ओढे यांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. उडीनंतर जिथे पाय जमिनीवर आदळतात, तिथे हिसका बसतो आणि तिथेच किंवा तिथून काही पावलांवर शिंग पडते. काटेरी झुडपांच्या जाळ्याही सोडू नयेत, कारण वाकून आत शिरणाऱ्या नराचे सैल झालेले शिंग फांदीत अडकून निघते. सूचिपर्णी झाडांखालची पाने नसलेली, सुयांनी भरलेली जमीन सुटसुटीत असते आणि तिथे शोध पटकन उरकतो.

एक शिंग सापडले की नवखा माणूस आनंदाने पुढे निघतो. तसे करू नये. ज्या नराचे एक शिंग इथे पडले त्याचे दुसरे सैल झालेले होते, म्हणून जोडी जवळपास असण्याची शक्यता बरीच असते. सापडलेल्या जागी रंगीत फीत बांधावी किंवा फोनवर स्थान नोंदवावे, आणि त्या बिंदूभोवती हळूहळू रुंदावत जाणाऱ्या वर्तुळांत किमान शंभर मीटरपर्यंत शोधावे. तिथे नाही मिळाले तर तीच वाट दोन्ही दिशांनी खाण्याच्या आणि बसण्याच्या जागेपर्यंत पुन्हा पाहावी. तरीही अनेक जोड्या अपुऱ्याच राहतात, आणि ते मान्य करून पुढे जावे लागते.

सापडलेले शिंग वाचणे

बुंध्याकडे आधी पाहावे. गळलेल्या शिंगाचा बुंधा खडबडीत, किंचित फुगीर आणि दाणेदार असतो, आणि त्याच्या भोवती मण्यांसारख्या उंचवट्यांचे कडे असते. अगदी ताज्या शिंगाच्या बुंध्यावर रक्ताचा लालसर ओलावा किंवा डाग दिसतो. या हंगामातले शिंग तपकिरी आणि तुकतुकीत असते. उन्हापावसात वर्ष काढलेले शिंग पांढरे पडू लागते, नंतर त्यावर बारीक उभ्या भेगा येतात आणि ओलसर जागी शेवाळाची हिरवट छटा चढते. दातांनी पाडलेल्या समांतर, बारीक खाचा दिसल्या तर ते उंदीर, खार किंवा साळिंदर यांचे काम असते. शिंगातले कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यांना हवे असतात. म्हणूनच भेगाळलेली, खडूसारखी झालेली जुनी शिंगे रानातच ठेवावीत असे माझे मत आहे. आपल्याला त्यांचा फारसा उपयोग नसतो, पण त्या लहान प्राण्यांना असतो.

व्हाइटटेलचे शिंग डावे की उजवे हे ओळखण्यासाठी ते डोक्यावर असते तसे धरावे : बुंधा आपल्याकडे, फाटे आकाशाकडे आणि मुख्य दांड्याचे टोक समोर. दांडा आधी बाहेर जातो आणि मग आत वळतो. टोक उजवीकडे वळत असेल तर ते डावे शिंग, डावीकडे वळत असेल तर उजवे. फाट्यांच्या संख्येवरून वय काढण्याचा प्रयत्न करू नये; ती संख्या वयाबरोबरच आहारावर आणि आनुवंशिकतेवरही अवलंबून असते.

शिंगे कवटीला चिकटलेली असतील तर ते गळलेले शिंग नसून मेलेल्या प्राण्याचे अवशेष असतात, आणि अनेक राज्यांत ते नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. अशा ठिकाणी हात न लावता छायाचित्र घ्यावे, स्थान नोंदवावे आणि वन्यजीव अधिकाऱ्याला कळवावे. यामागे आरोग्याचेही कारण आहे. १९६७ साली कोलोरॅडोमध्ये बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम आढळलेला मृगांचा क्षयकारी मेंदूरोग आता अनेक राज्यांत पसरला आहे. त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिने मेंदू आणि मज्जारज्जू यांत साचतात, म्हणून मेंदूचा अंश असलेली कवटी एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर पुष्कळ ठिकाणी बंदी आहे. मांस किंवा कातडी न चिकटलेले स्वच्छ शिंग या बंदीत बहुधा येत नाही.

सुरक्षितता आणि साहित्य

गोचिडांना नवखे लोक हलक्यात घेतात. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड गोठणबिंदूच्या थोडे वर तापमान गेले की हिवाळ्यातही सक्रिय होते, आणि हरणांच्या वाटांवर ती सर्वाधिक असते. फिकट रंगाची लांब पँट मोज्यांत खोचावी, कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा आधीच मारून ते वाळवावेत आणि घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यांच्या मागची बाजू व केसांची मुळे तपासून मगच बसावे. गोचीड चिकटलेली आढळली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी.

काटेरी झाडीत चष्मा घालावा. वसंतात काही ठिकाणी रानटी टर्कीची शिकार चालू असते, म्हणून भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट अंगावर असावे. अस्वलांच्या प्रदेशात अस्वलरोधक फवारा कमरेला हाताशी ठेवावा. हिवाळ्यात मेलेल्या एल्कचे कलेवर दिसले किंवा कावळे एका जागी घिरट्या घालताना आढळले, तर तिकडे जाऊ नये. नुकतेच जागे झालेले अस्वल त्या कलेवराची राखण करत असू शकते. नेटवर्क नसतानाही चालेल असा नकाशा, पाणी, थोडे खाणे आणि आपण कुठे जाणार व कधी परतणार हे घरी सांगून ठेवणे, एवढे तरी चुकवू नये.

शिंगे पाठपिशवीला बांधताना टोके शरीरापासून बाहेरच्या बाजूला आणि डोक्याच्या पातळीखाली राहतील असे पाहावे, नाहीतर घसरून पडल्यास फाटा मानेत किंवा पाठीत घुसू शकतो. एल्कच्या मोठ्या नराच्या जोडीचे वजन पंधरा किलोच्याही पुढे जाऊ शकते, म्हणून डोंगरात एक शिंग सापडल्यावरच परतीच्या चढाचा हिशेब करावा.

कुत्र्याला शिंग हुंगून शोधायला शिकवता येते, आणि शिकलेला कुत्रा माणसापेक्षा कितीतरी अधिक शिंगे काढतो. पण हरणामागे धावणारा कुत्रा रानात आणू नये. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे. खाद्य ठेवून त्याभोवती तारेची जाळी उभारायची आणि तिच्यात शिंग अडकवून पाडायचे, असाही एक प्रकार काही जण करतात. त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नये. जाळीत शिंग अडकलेला, अजून ते सैल न झालेला नर मान मोडून मरू शकतो, आणि दोन नर एकत्र अडकले तर दोन्हीही मरतात.

घरी आणल्यानंतर

शिंग साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे आणि सावलीत वाळवावे. ब्लीच वापरू नये, उकळू नये, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये; तसे केल्यास रंग उडतो आणि भेगा पडतात. चाकूची मूठ, बटणे, खुंट्या अशा वस्तूंसाठी ताजे, भेगा नसलेले शिंग चांगले. कुत्र्याला चघळायला देण्याची पद्धत आहे, पण ते इतके कठीण असते की दात तुटू शकतो, म्हणून पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. विकायचे असेल तर त्या राज्यात विक्रीला परवानगी आहे का, हे आधी पाहावे.

प्रत्येक शिंगाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर तारीख, नेमके स्थान, डावे की उजवे, उताराची दिशा आणि जवळची ठळक खूण, म्हणजे कुंपण, ओढा, शेताचा कोपरा, असे लिहावे. तीच नोंद नकाशावरही करावी, आणि काही मिळाले नाही ते पट्टेही वेगळ्या रंगाने दाखवावेत. हिवाळी जागा सहसा बदलत नाहीत. खाण्याचे पीक तेच असेल आणि झाडी तोडली गेली नसेल, तर पुढच्या हंगामातही नर त्याच उतारावर बसतात आणि पुष्कळदा तोच नर आधीच्या वर्षीच्या जागेपासून थोड्याच अंतरावर शिंगे पाडतो. म्हणून दुसऱ्या वर्षी नवे रान धरण्यापूर्वी या खुणांच्या भोवतालचे शंभर-दोनशे मीटर आधी पाहावेत, आणि गेल्या वर्षी जोडी अपुरी राहिली असेल तर पहिला दिवस त्याच वाटेला द्यावा.